केव्हिनचं काय झालं ते बघा

'द ऑफिस' या विनोदी मालिकेवरच्या इथल्या चर्चेत कुणीतरी म्हटलंय की त्यातला बॉस मायकेल स्कॉट पहिल्या सीझननंतर बदलला ते चालतं, मग बाकीच्या पात्रांच्या बदलाबद्दल तक्रार का? हा मुद्दा मला अर्धाच पटतो. अमेरिकन 'द ऑफिस'च्या पहिल्या ६ भागांतला मायकेल मूळ ब्रिटिश मालिकेतल्या बॉसच्या साच्यातला होता, नुसता बोचरा. पुढे त्याला एकटेपणा दिला, लोकांनी आपल्यावर प्रेम करावं ही ओढ दिली. मूळ स्वभाव तोच राहिला, फक्त आत काय चाललंय ते दिसायला लागलं.

त्याच ऑफिसात हिशेब बघणाऱ्या केव्हिनच्या वाट्याला हे आलं नाही, आणि त्याच्याबद्दल इथे कुणीच लिहिलेलं नाही. दुसऱ्या सीझनच्या 'कसिनो नाइट'मध्ये तो सांगतो की २००२ साली वर्ल्ड सिरीज ऑफ पोकरमधली एक स्पर्धा त्याने जिंकलीय. म्हणजे बोलायला संथ, पण पत्त्यांत तरबेज माणूस. चौथ्या सीझनच्या शेवटी सहकारी ड्वाइट नव्याने आलेल्या होलीला केव्हिन गतिमंद असल्याचं सांगतो. तो विनोद जमतो, कारण ती शुद्ध थाप असते. नंतर लेखकांनी ती थापच खरी धरून त्याला लिहायला घेतलं असं मला वाटतं. २०१३च्या शेवटच्या भागात तर कळतं की हिशेब जुळवायला हा 'केलेव्हन' नावाचा स्वतःचाच आकडा वापरत होता!

नवव्या सीझनमध्ये अँडी हे पात्र मध्येच गायब होतं, त्याला निदान कारण होतं, ती भूमिका करणारा एड हेल्म्स सिनेमाच्या चित्रीकरणात अडकला होता. केव्हिनची भूमिका करणारा ब्रायन बॉमगार्टनर मात्र नऊही सीझन हजर होता, आणि शांत चेहऱ्याने एक वाक्य टाकून हसवायची त्याची ताकद पहिल्या वर्षापासून दिसत होती. ती वापरायची सोडून त्याला खाण्यापिण्याच्या विनोदांना जुंपलं, याचं मला फार वाईट वाटतं.