राजकन्येने वैभवाला लाथ मारली म्हणे!

खडूस काकू

परवा भिशीच्या ग्रुपवर एक व्हिडिओ आला. "प्रेमासाठी राजवैभवाला लाथ मारणारी जपानची राजकन्या माको." मागे बासरी, शेवटी दोन बदाम. आमच्या बायकांनी डोळ्यांत पाणी आणून धडाधड अंगठे दिले. माझं डोकं उठलंय, म्हणून इथे ओकते.

अहो, लाथ कुठे मारली? १९४७ चा राजघराण्याचा कायदा आहे त्यांच्याकडे. कलम १२: घराण्यातल्या मुलीने बाहेरच्याशी लग्न केलं की ती घराण्यातून बाद. तिला विचारतच नाहीत कोणी. तिच्या आत्याचं, सायाकोचं, २००५ मध्ये हेच झालं. तेव्हा बासरी नव्हती. आणि पुरुषांचं काय? आजोबा अकिहितोंनी १९५९ मध्ये पिठाच्या कंपनीच्या अध्यक्षांची मुलगी केली. वडील अकिशिनोंनी १९९० मध्ये प्राध्यापकाची केली, विद्यापीठाच्या क्वार्टर्समध्ये राहणारी. दोघी थाटात आत आल्या. मुलाची बायको आत, मुलगी मात्र बाहेर. ओळखीचं वाटतंय ना?

तिने नाकारलं ते वेगळंच. बाहेर पडणाऱ्या मुलीला सरकार एकरकमी पैसे देतं, १५ कोटी येनपर्यंत. आपले तेव्हाचे दहाएक कोटी रुपये. सायाकोने घेतले. माकोने सांगितलं, नकोत. हे त्या व्हिडिओत नाही, कारण बासरीवर आकडे बसत नाहीत.

२६ ऑक्टोबर २०२१ चं चित्रीकरण बघा एकदा. लग्न म्हणजे नुसती नोंदणी, अर्ज द्यायलासुद्धा राजघराण्याचा कारभार बघणाऱ्या सरकारी खात्याचा माणूस गेला. विधी नाही, जेवणावळ नाही. फिकट हिरवा ड्रेस, हातात गुच्छ, दारात आईवडिलांपुढे वाकली, आणि धाकट्या काकोने पुढे होऊन मिठी मारली. तोंडावर सगळ्यांच्या मास्क. मला तरी त्यात पाठवणी दिसली, तीही घाईत उरकलेली.

रावसाहेब_इचलकरंजी

काकू, लिहिलंय झकास पण एकतर्फी. या लग्नावर जपानी लोक उगाच नव्हते चिडले. मुलाच्या, म्हणजे माकोच्या नवऱ्याच्या, आईने स्वतःचा आधी वाङ्‌निश्चय झालेल्या माणसाकडून ४० लाख येन घेतलेले. तो म्हणतो उसने, हे म्हणतात मदत. काही पैसे याच्याच शिक्षणाला लागलेले. त्यावर हा केई कोमुरो २८ पानांचं स्पष्टीकरण काढतो. अठ्ठावीस! अहो, एक चेक फाडायचा, विषय संपला.

आमच्या थोरल्या बहिणीच्या वेळी स्थळाकडच्यांनी सोसायटीचं कर्ज लपवलं होतं. लग्नानंतर आठव्या महिन्यात तिच्या पाटल्या सराफाकडे गहाण. वडील शेवटपर्यंत म्हणायचे, सातबारा बघायला हवा होता. सोयरीक करताना घर बघतात ते येडे म्हणून नाही. आणि ही तर राजाची पुतणी!

मधुरा_७

कर्ज त्याच्या आईचं, सातबारा त्याच्या आईचा, लग्न मात्र त्याचं. वाङ्‌निश्चयाची घोषणा सप्टेंबर २०१७, फेब्रुवारी २०१८ मध्ये लग्न पुढे ढकललं, आणि पुढची साडेतीन वर्षं साप्ताहिकांनी दर आठवड्याला दोघांना सोललं. १ ऑक्टोबर २०२१ ला राजघराण्याच्या खात्यालाच सांगावं लागलं की तिला कॉम्प्लेक्स पीटीएसडी आहे, म्हणजे सततच्या मानसिक आघातातून जडणारा आजार. पाटल्या सोडवता येतात हो रावसाहेब.

आणि तो न्यूयॉर्कच्या वकिलीच्या परीक्षेत दोनदा नापास झाला तेव्हा अख्खा देश फिदीफिदी हसला. तिसऱ्यांदा, २०२२ मध्ये, पास झाला तेव्हा कोणी पेढे मागितले नाहीत. माझा भाऊ सीए पाचव्या प्रयत्नात झाला. दर निकालाला आत्या फोन करायची, "यंदा तरी?" त्याने एकदा फोनच नळाखाली धरला.

टोकियोकर

निशिकासाईत अकरा वर्षं आहे, म्हणून दोन शब्द. सप्टेंबर २०२१ मध्ये कोमुरो न्यूयॉर्कहून परतला तेव्हा त्याने केस मागे बांधलेले होते, शेंडीसारखे. आमच्या ऑफिसात सातो-सान नावाच्या एक बाई आहेत (नाव बदललंय), सहा वर्षांत हवामानापलीकडे बोलल्या नव्हत्या. त्या दिवशी डब्यावरून मान वर करून म्हणाल्या, "ते केस." बस, एवढंच. मग परत डबा. पण त्या दोन शब्दांत कर, शिस्त, आईचं कर्ज, सगळं आलं होतं. लग्नाविरुद्ध मोर्चेसुद्धा निघाले इथे. तेव्हा रावसाहेब म्हणतात तो राग खरा होता, योग्य होता असं नाही म्हणत.

तुमच्या कोणाच्या लक्षात न आलेली गंमत: राजघराण्याला आडनावच नसतं. बाईंना पहिलं आडनाव मिळालं तिशी पूर्ण झाल्यावर तीन दिवसांनी. साधा पासपोर्टही तेव्हाच काढला, मग नोव्हेंबरात न्यूयॉर्क. आणि इथल्या नागरी कायद्यानं नवराबायकोला एकच आडनाव लागतं. कोणाचंही चालतं म्हणे, पण ९५ टक्के वेळा बाईच बदलते.

बिनसाखरेचा चहा

आडनावाचं काय घेऊन बसलात! माझं पाळण्यातलं नावही गेलं. ताटात तांदूळ पसरले, सासऱ्यांनी नवऱ्याच्या हातात अंगठी दिली, त्याने लिहिलं "गौरी". मी वंदना. बावीस वर्षं वंदना होते. दहावीचं सर्टिफिकेट वंदना, पॅन गौरी, आधारवर दोन्हीचं कडबोळं. मागच्या वर्षी आईचं लॉकर माझ्या नावे करताना बँकेतला मुलगा म्हणतो, "मॅडम, या दोन वेगळ्या बाया आहेत." मी म्हटलं, बरोबर आहे तुझं.

मधुरा_७

+१०००. माझ्या वहिनीला राजपत्रात दोनदा नाव छापून आणावं लागलं. पहिल्या वेळी वेलांटी चुकली.

रावसाहेब_इचलकरंजी

आता राजकन्या राहिली बाजूला आणि आमच्या प्रथांवर घसरलात. घराला एक नाव असलं तर बिघडलं काय? प्रेमाने ठेवतात हो नाव. प्रत्येक गोष्टीत अन्याय दिसायला लागला की संसार होत नाहीत.

बिनसाखरेचा चहा

मग तुम्ही का नाही हो बदललंत, प्रेमाने? "रावसाहेब" चांगलं आहे, पण "सुशांत" जास्त खुललं असतं.

रावसाहेब_इचलकरंजी

हे वैयक्तिक होतंय. मी तुमच्या घरावर बोललो नाही.

खडूस काकू

अहो थांबा, धागा माकोचा आहे! (१९८४ मध्ये माझंही बदललं होतं. तीन महिने कोणी हाक मारली की मी मागे वळून बघायचे, कोणाला बोलावतायत म्हणून. पण ते राहू दे.)

सरळसोट

कायद्याकडे या जरा. माको गेल्यावर घराण्यात उरले १७. पुरुष फक्त ५, त्यात सिंहासनावर बसायच्या रांगेत तरुण म्हणावा असा एकटा हिसाहितो, माकोचा धाकटा भाऊ, जन्म २००६. बिनलग्नाच्या पाच मुली होत्या, त्यांनी लग्न केलं की त्याही बाहेर. म्हणजे कार्यक्रमांच्या फिती कापायलाही माणूस उरणार नाही. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारच्या समितीने सुचवलं की मुलींना लग्नानंतरही घराण्यात राहू द्या. माकोला गेल्याला जेमतेम दोन महिने झाले होते. लोकांना सम्राटांची मुलगी आयको गादीवर आवडेल, पण कायदा म्हणतो फक्त पुरुष, तोही पुरुषाच्याच वंशातला. इतिहासात आठ सम्राज्ञी होऊन गेल्या, ते सोयीने विसरायचं.

रावसाहेब_इचलकरंजी

एवढं मान्य, की पैसे नाकारले याला आपला मुजरा. मुलगी शिकलेली होती, लेस्टरहून संग्रहालयशास्त्रात एमए, न्यूयॉर्कच्या मेट संग्रहालयात पुढे बिनपगारी काम केलं म्हणतात. दहा कोटी सोडून बिनपगारी. आमच्या भाच्याला हे सांगितलं तर तो मलाच दवाखान्यात नेईल. बाकी त्या २८ पानांवर मी ठाम.

मधुरा_७

बापरे, मुजरा! स्क्रीनशॉट काढून ठेवलाय.

रावसाहेब_इचलकरंजी

ठेवा, फ्रेमही करा.

टोकियोकर, तुम्हाला एक विचारायचं होतं, इथेच विचारतो. आमच्या धाकटीचं लग्न डिसेंबरात आहे, जावई सिंगापूरला. ती म्हणते पासपोर्टवर माहेरचंच नाव ठेवणार. तिकडच्या व्हिसाला अडतं का?

टोकियोकर

सिंगापूरचं नेमकं मला ठाऊक नाही. पण आपल्या पासपोर्टवर लग्नानंतर नाव बदलायलाच पाहिजे असं काही नाही. लग्नाचा दाखला तेवढा नीट काढून घ्या. आणि वेलांट्या तपासा.