घर घ्यायचं की भाड्यानेच राहायचं? नवरा-बायकोचं एकमत होत नाहीये

निवांत_कोपरा

नमस्कार मंडळी, इतके दिवस वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय. लांबलाय, सांभाळून घ्या.

आम्ही दोघं पुण्यात, मुलगी साडेपाच वर्षांची, लग्नाला आठ वर्षं झाली आणि हे चौथं भाड्याचं घर. सध्या कर्वेनगरला टू बीएचके, भाडं २८,०००, डिपॉझिट एक लाख. मी शाळेत शिकवते, शाळा घरापासून चालत बारा मिनिटं. नवरा हिंजवडीला, आठवड्यातून तीन दिवस ऑफिस. गेल्या महिन्यात मालकांचा फोन आला की मार्चमध्ये ॲग्रीमेंट संपतंय, मुलाचं लग्न ठरलंय, आता घर आम्हालाच लागेल. माणूस चांगला आहे, भांडण काही नाही. पण फोन ठेवल्यावर मी काय केलं तर स्टूल घेऊन माळ्यावरचे खोके मोजले. एका खोक्यावर माझ्याच अक्षरात "लग्नातला कपांचा सेट, जपून, वारजे" असं लिहिलंय, म्हणजे दोन घरांपूर्वीचा खोका, तो नंतर उघडलाच नाही. मला तिथेच रडू यायला लागलं.

तर मला आता घर घ्यायचंय. पुनावळ्याला एक टू बीएचके बघितलाय, अंडर कन्स्ट्रक्शन, दोन वर्षांनी ताबा म्हणतात, ॲग्रीमेंट व्हॅल्यू ७५ लाख. सॅम्पल फ्लॅट बघून मुलीने तिथेच आपली खोली ठरवून टाकली. नवऱ्याकडे एक्सेल शीट आहे आणि त्या शीटप्रमाणे भाड्यानं राहणंच शहाणपणाचं आहे. मी काही बोलले की शीट उघडतो, मी गप्प बसते, दोन दिवस घरात फक्त "डबा भरला का" एवढंच बोलणं. आमची सेव्हिंग १८ लाख आहे, सासरे ६ लाख देतो म्हणतात, बाकी लोन. शीट चुकीची आहे असं मला म्हणायचं नाहीये पण सगळं आयुष्य शीटवर काढायचं का? तुम्ही काय केलंत, कसं ठरवलंत?

चक्रवाढ

ताई, मी पण शीटवालाच, त्यामुळे आधी आकडे.

७५ लाखांवर बँक ८० टक्के देईल म्हणजे ६० लाख. स्टॅम्प ड्युटी, रजिस्ट्रेशन त्यात धरत नाहीत, ते स्वतःच्या खिशातून. पुणे-पिंपरीत स्टॅम्प ड्युटी ७ टक्के म्हणजे सव्वापाच लाख, रजिस्ट्रेशन ३०,०००, अंडर कन्स्ट्रक्शन आहे म्हणून ५ टक्के जीएसटी म्हणजे पावणेचार लाख. मार्जिनचे, म्हणजे बँक देत नाही ते, १५ लाख धरून हातातून जाणार २४ लाख ३० हजार. तुमचे १८ अधिक सासऱ्यांचे ६ म्हणजे २४. फर्निचर, पार्किंग, किचन ट्रॉली तर सोडाच, ३० हजार आत्ताच कमी पडतायत आणि अडीअडचणीला मागे शून्य.

आता हप्ता. ६० लाख, ८ टक्के, २० वर्षं म्हणजे ५०,१८६. पहिल्या महिन्यात त्यातले ४०,००० नुसतं व्याज आणि १०,१८६ मुद्दल. लोक म्हणतात भाडं वाया जातं, मग हे ४०,००० कुठे जातात? त्यात मेंटेनन्स ४,००० धरा, आणि तेच २४ लाख साडेसहा टक्क्यांनी एफडीत असते तर महिन्याला १३,००० आले असते ते धरा, झाले ५७,०००. भाडं २८. फरक महिन्याला २९,०००, वर्षाचे साडेतीन लाखांच्या आसपास. म्हणजे फ्लॅटची किंमत दरवर्षी पावणेपाच टक्क्यांच्या आसपास वाढली तर बरोबरी. एवढी वाढू शकते, नाही असं नाही, आणि भाडंही वाढतंच की दरवर्षी, व्याजाचा वाटा हळूहळू कमी होतो. पण स्टॅम्प ड्युटी आणि जीएसटीचे नऊ लाख घर विकताना परत मिळत नाहीत, म्हणून दहा वर्षं तिथेच राहणार असाल तरच हे गणित बोलतं. चार-पाच वर्षांत हलणार असाल तर नाद सोडा.

एक फायद्याचं पण सांगतो. घर फक्त तुमच्या नावावर घेतलं तर बाईमाणसाला स्टॅम्प ड्युटीत १ टक्का सूट आहे, तुमच्या केसमध्ये ७५,०००. नवऱ्याचं नाव जोडलं की सूट गेली. पण मग लोनच्या व्याजाची इन्कम टॅक्समधली वजावट त्यांना घेता येणार नाही कारण मालकीत नाव नाही. अर्थात ते इन्कम टॅक्सच्या नव्या पद्धतीत, न्यू रिजीममध्ये, असतील तर स्वतः राहायच्या घराला तशीही वजावट नाही, एचआरएची (घरभाडे भत्त्याची) पण नाही.

गुळपोळी

नवऱ्याची शीट इथे टाका, आम्ही चुका काढतो. घरातल्यापेक्षा परक्याचं जास्त ऐकतात 😄

सातव्या_मजल्यावरून

मी डोंबिवलीकडची. मी फक्त अंडर कन्स्ट्रक्शनबद्दल लिहिते कारण बाकी हिशेब वरच्यांनी केलाय. आम्ही २०१३ ला बुक केलं, ताबा २०१६ चा लिहिला होता, मिळाला २०१९ ला. बिल्डरचं नाव घेत नाही, नाव घेऊन काय उपयोग, तसे तेव्हा बरेच होते. या सहा वर्षांत भाडं पण भरत होतो आणि बँकेनं जेवढं लोन बिल्डरला दिलं होतं तेवढ्यावरचं व्याज, ते प्री ईएमआय म्हणतात ना, ते पण. प्री ईएमआय म्हणजे मुद्दल एक रुपयाने कमी होत नाही हे मला दुसऱ्या वर्षी स्टेटमेंट बघून कळलं, नवरा म्हणाला तुला सांगितलं होतं, मी म्हटलं नव्हतं सांगितलं, आमचं त्यावरून अजून होतं. मुलाची ॲडमिशन "आता जाणारच आहोत" म्हणून नवीन घराजवळच्या शाळेत घेतली आणि दोन वर्षं त्याला रिक्षाने उलट्या दिशेला पाठवला.

तेव्हा महारेरा, म्हणजे बिल्डरांवर लक्ष ठेवणारं सरकारी प्राधिकरण, नव्हतं, ते २०१७ च्या मे पासून. तुम्हाला आता साइटवर प्रोजेक्टचा नंबर टाकून ताब्याची मूळ तारीख काय होती आणि नंतर वाढवून घेतली का ते बघता येतं. ते नक्की बघा, सेल्सवाल्याने छापून दिलेलं नाही, स्वतः बघा. आणि शक्य असेल तर ओसी (राहायला परवानगीचा दाखला) झालेलं तयार घर घ्या. त्यावर जीएसटी पण नाही, म्हणजे पावणेचार लाख तिथेच वाचले.

आणि बाई, तुमची शाळा चालत बारा मिनिटं आहे असं तुम्हीच लिहिलंय. पुनावळे ते कर्वेनगर वीसेक किलोमीटर तरी असेल. हायवेचा तो अंडरपास संध्याकाळी सहाला बघितलाय का?

मुलुंडकर_भाडेकरू

वय ४९, मुंबईत कायम भाड्याने, मुलुंडमध्ये १४ वर्षांत तीन घरं. दोन गोष्टी सांगतो. भाड्यानं राहून उरलेले पैसे गुंतवायचे हे शीटमध्ये फार छान दिसतं पण दर महिन्याला ते खरंच गुंतवले जातात का ते नवऱ्याला विचारा. आमचे पहिली सहा वर्षं नाही गेले, गाडी झाली, दोन ट्रिपा झाल्या. हप्ता असता तर झक मारत भरला असता. आणि मी भाड्याने निवांत राहतो त्याचं खरं कारण साताऱ्याजवळ गावाला आमचं घर आहे, म्हातारपणी डोक्यावर छप्पर आहे हे माहीत आहे. ते नसतं तर मी एवढ्या शांतपणे लिहिलं नसतं.

दुसरं, दर ११ महिन्यांनी धाकधूक कशाला? लीव्ह अँड लायसन्स, म्हणजे भाड्याचं ॲग्रीमेंट, ११ महिन्यांचंच करायचं असा काही नियम नाही, महाराष्ट्रात रजिस्टर तर ११ महिन्यांचं पण करावंच लागतं. मग ३६ महिन्यांचं करा, भाडेवाढ आधीच लिहून घ्या, लॉक-इन, म्हणजे मुदतीआधी मोडायचं नाही ही अट, दोन्ही बाजूंनी टाका. स्वतः राहायला येण्याचा विचार नसलेले, परदेशातले वगैरे मालक असतील तर तयार होतात.

अवांतर: सासऱ्यांच्या ६ लाखांवरून तुम्ही एका ओळीत उडी मारलीत. ते पैसे कुठले आहेत? आणि नवरा त्यावर काय म्हणतो?

चक्रवाढ

मुलुंडकर +१. सासरे साठीच्या पुढे असतील तर सीनियर सिटिझन स्कीममध्ये ८.२ टक्के मिळतात. ८ टक्क्यांचं कर्ज टाळायला ८.२ टक्के देणारे पैसे मोडायचे, हे माझ्या डोक्यात बसत नाही.

निवांत_कोपरा

सगळ्यांना थँक्यू. उत्तर द्यायला आठवडा लागला कारण मध्ये बरंच काही झालं.

शनिवारी सकाळी साडेसहाला आम्ही तिघं पुनावळ्याला गेलो, सॅम्पल फ्लॅटला नाही, शेजारच्या सोसायटीच्या गेटवर. चहाच्या टपरीवर पाऊण तास उभे होतो, तेवढ्यात तीन टँकर आत गेले. वॉचमन काका म्हणाले हे रोजचंच, पिंपरी-चिंचवडला २०१९ पासून एक दिवसाआड पाणी आहे, त्यात उन्हाळ्यात विचारूच नका. टँकरचा खर्च मेंटेनन्समध्ये किती जातो तेही तिथल्याच एका काकूंनी सांगितलं, दूध घेऊन येत होत्या. चक्रवाढ यांनी ४,००० धरलेत ते कमी आहेत एवढंच सांगते. महारेरावर बघितलं तर ताब्याची तारीख एकदा पुढे गेलेली आहे. सेल्सवाला मुलगा यातलं काही बोलला नव्हता, तो फक्त क्लब हाऊसबद्दल बोलला.

आता मुलुंडकरांचा प्रश्न. तो मी रविवारी सकाळी नवऱ्याला तसाच विचारला. मी मेथी निवडत होते, तो समोर लसूण सोलत बसला होता, लॅपटॉप जवळपास नव्हता म्हणून बरं. सासरे एसटीत होते, ते ६ लाख म्हणजे त्यांच्या रिटायरमेंटच्या पैशातले. नवरा बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं तर मी त्यांच्याकडे कुठल्या तोंडाने बघू. त्या शीटमध्ये ६ लाखांचा रकाना होता आणि त्याने तो लपवून ठेवला होता, हाइड करतात ना तसा. मला वाटत होतं ह्याला घरच नको आहे. तर म्हणाला, मलाही हवंय, पण बाबांचे पैसे न घेता जमेल असं एकही कॉम्बिनेशन येत नाही, म्हणून मी रोज आकडे बदलून बघतो. एवढं साधं वाक्य बोलायला ह्याला दोन महिने आणि एक एक्सेल लागलं. मी चिडले पण, आणि मेथीची अर्धी जुडी देठांसकट गेली भाजीत.

संध्याकाळी सासऱ्यांना फोन केला, मीच केला. आधी वाईट वाटलं त्यांना, "आमचे पैसे चालत नाहीत का" वगैरे झालं. मग ८.२ टक्क्यांचं सांगितलं तर म्हणाले पोस्टात जाऊन विचारतो.

आत्ता असं ठरलंय की पुनावळे कॅन्सल. दोन-तीन वर्षं शाळेच्या जवळपासच भाड्याने, आणि दर महिन्याला ठरावीक रक्कम बाजूला, ती माझ्या खात्यातून आपोआप जाणार, ट्रिपेला मिळणार नाही (मुलुंडकर, हे तुमच्यामुळे). मग जुनं का होईना, ओसीवालं रीसेल वारज्यात किंवा इकडेच. मला आनंद झालाय असं नाही. मुलगी अजून विचारते माझी खोली कधी होणार.

काल एक घर बघितलं, मालक दुबईला, ३६ महिन्यांना तयार आहेत, वर्षाला ५ टक्के वाढ, भाडं ३०,०००. सगळं जमलं, फक्त त्यांची एक अट आहे की भिंतीला एकही नवीन खिळा मारायचा नाही. नवरा तीन वर्षांच्या लॉक-इनवर खूश होऊन हो म्हणणार होता, मी थांबवलं. असलं क्लॉज बदलून घेता येतं का? म्हणजे दाराला तोरण आणि मुलीच्या खोलीत तिची चित्रं, एवढ्यापुरते चार-पाच खिळे असं ॲग्रीमेंटमध्ये लिहून मागितलं तर हसतील का?

सातव्या_मजल्यावरून

हसू देत. जाताना बुजवून रंग मारून देऊ असं लिहा, माझ्या बहिणीने तसंच केलंय, मालक लगेच तयार झाला. पाच नका मागू, दहा मागा.