मदत हवी आहे : गोराईच्या वाडीतलं जुनं घर

नमस्कार मंडळी. मुंबईत गोराईला आमची वाडी आहे. कौलारू घर, माडाखालची विहीर, मोडका रहाट. घराला शंभर वर्षं तरी झाली असतील असं आजी म्हणायची, पण आजीच्या हिशेबात सगळंच 'शंभर वर्षांचं'! महापालिकेच्या वारसा यादीत घर घालावं असं मनात आहे. १९९५ च्या वारसा नियमावलीपासून श्रेणी १, २अ, २ब, ३ आहेत, त्यातली शेवटची, म्हणजे श्रेणी ३ मिळाली तरी पुरे. सातबारा आहे, पण तो घराचं वय सांगत नाही. साष्टी (गोराई ज्यात येते तो जुना तालुका) पूर्वी ठाणे जिल्ह्यात होती, म्हणजे जुने फेरफार (जमिनीच्या नोंदींतले बदल) ठाण्याला शोधायचे की काळाघोड्याजवळच्या पुराभिलेखागारात? कुणी असं काम केलंय का? मोठे काका विकायचं म्हणताहेत, तेव्हा जरा लवकर सांगा.