सानिया-हिंगिसची २०१५ विम्बल्डन फायनल, २-५ वरून जिंकल्या कशा?

चकोरी_के
मंडळी, काल २०१५ च्या विम्बल्डन महिला डबल्स फायनलचे हायलाइट्स बघितले, सानिया मिर्झा-मार्टिना हिंगिस वि. मकारोवा-वेस्निना, ५-७, ७-६, ७-५. पहिला सेट गेला, तिसऱ्यात २-५ मागे आणि तिथून सलग पाच गेम!! मी आजवर सिंगल्सच बघत आलेय त्यामुळे डबल्समध्ये नक्की बघायचं काय तेच कळत नाही, बॉल इतका पटापट जातो. ह्या दोघींचं एवढं जमलं कशामुळे? सानियाने सिंगल्स सोडलं होतं ना तोवर?

निवांत_नाशिककर
हो, २०१३ लाच सोडलं, दुखापती पाठ सोडत नव्हत्या, मनगटाची सर्जरीपण झालेली. पण फोरहँड तसाच होता. ती ड्यूस साइडला म्हणजे उजव्या कोर्टात खेळायची, तिथे रिटर्नला फोरहँड मनसोक्त मारता येतो, आणि डावीकडे हिंगिस, जिचा बॅकहँड आणि नेटवरचा हात दोन्ही भारी. पुन्हा बघशील तेव्हा बॉलमागे धावू नकोस, नेटजवळच्या हिंगिसकडे बघ. सानियाने क्रॉसकोर्ट (तिरका, समोरच्या कोपऱ्यात) जोरात मारला की समोरचीचा बॉल जरा उचलला जातो आणि तोवर ही मधे सरकलेली असते, व्हॉली (टप्पा पडायच्या आधीच फटका), खेळ खलास. टाळ्या हिंगिसला पडतात पण तो पॉइंट सानियाने आधीच बनवलेला असतो. मला तरी डबल्समधली खरी मजा ह्यातच वाटते.

तिसरा_सेट
+१. आणि एक सांगतो, ग्रँड स्लॅम सोडून टूरवरच्या इतर स्पर्धांत डबल्सला पूर्ण तिसरा सेट नसतोच, दहा पॉइंटचा सुपर टायब्रेक असतो, शिवाय ४०-४० झालं की एकाच पॉइंटवर गेमचा निकाल. विम्बल्डनला पूर्ण सेट असतो म्हणून २-५ वरून यायला जागा तरी मिळाली. ५-५ ला उजेड कमी झाला म्हणून थांबवून छत बंद केलं, लाइट लावले आणि आल्यावर ह्यांनी उरलेले दोन्ही गेम घेतले. त्याच वर्षी इंडियन वेल्स आणि मायामीच्या फायनलला ह्याच मकारोवा-वेस्निनाला हरवलेलं, त्यामुळे समोरच्या जोडीचा खेळ पुरता माहीत होता. पुढे यूएस ओपन, मग २०१६ ची ऑस्ट्रेलियन, सलग ४१ मॅच जिंकल्या!

बार्शीकर
महिला डबल्सचा विषय निघालाय तर आमच्या बार्शीच्या प्रार्थना ठोंबरेचं नाव घ्यायलाच हवं. २०१४ च्या एशियाडला सानियासोबत ब्राँझ आणि २०१६ रिओ ऑलिम्पिकलाही सानियाची पार्टनर, पहिल्याच राउंडला चीनच्या जोडीशी तीन सेट झुंजून हरल्या. आपल्याकडे डबल्सला दुय्यम समजतात ते मला अजिबात पटत नाही, सोलापूर जिल्ह्यातली पोरगी ऑलिम्पिकच्या कोर्टावर उभी राहिली ती डबल्समुळेच.

चकोरी_के
प्रार्थनाचं खरंच माहीत नव्हतं, थँक्स! निवांत, आत्ता दुसऱ्या सेटचा टायब्रेक फक्त नेटकडे बघत पाहिला, निम्म्या वेळा बॉल कुठे जाणार ते आधीच कळायला लागलं. आता मायामीची फायनल शोधते.