पथकात त्रास झाला तर सांगायचं कुणाला? पथकप्रमुखालाच?

पंचवटीची मावशी
माझा भाचा, वय 17, यंदा पहिल्यांदा ढोल पथकात गेला. पथकाचं नाव घेत नाही, नाशिकमधलंच आहे, गंगापूर रोडच्या बाजूला सराव असतो. पोरगं बोलताना जरा अडखळतं, लहानपणापासूनच. दोन सिनियर पोरांनी पहिल्याच आठवड्यात त्याचं नाव ठेवलं 'रेंज', म्हणजे तो अडखळला की हे ओरडणार, याची रेंज गेली रे. नंतर सरावाआधी त्याच्या ढोलाची दोरी सैल करून ठेवायला लागले, मग पान, म्हणजे ढोलाची वाजवायची बाजू, भद्द वाजायचं आणि सगळ्यांसमोर बोलणी याला. तेही त्यानं घेतलं. हाताला टिपरूनं, म्हणजे ढोल वाजवायच्या काठीनं, फोड आले होते, बोटांना पट्ट्या लावून जायचा, एक दिवस खाडा नाही. मग कुणीतरी त्याला बोलतं करून ते रेकॉर्ड केलं आणि व्हॉइस नोट पथकाच्या ग्रुपवर टाकली. शंभराच्या वर माणसं आहेत त्या ग्रुपवर, खाली हसण्याच्या इमोजींची रांग. दुसऱ्या दिवसापासून पोरगं गेलंच नाही, घरी सांगितलं अभ्यास आहे. गणपती 10 दिवसांवर आलेले.

मी पथकप्रमुखांना भेटले. नीट बोलले ते, चहा पाजला, आणि म्हणाले ताई पोरांची मस्ती असते, आम्ही पण फटके खाऊनच वाजवायला शिकलो. त्या दोघांतला एक त्यांचाच मामेभाऊ आहे हे मला बाहेर पडल्यावर कळलं.

माझं म्हणणं एवढंच आहे, तक्रार ऐकणारा माणूस पथकातला नकोच. बाहेरची दोन माणसं ठेवा, त्यात एक बाई, दोघांचे नंबर पोरांना भरतीच्या दिवशीच द्या. आणि चौकशी होईपर्यंत ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्यानं घरी बसावं, दरवेळी सोसणाऱ्यानंच का जायचं? पटतं का कुणाला?

रविवार कारंजा ताशा
मावशी, भाच्याचं वाईट वाटलं, व्हॉइस नोट टाकणाऱ्याला मी असतो तर त्याच दिवशी ताशा खाली ठेवायला लावला असता. पण तुमचा उपाय मला पटत नाही आणि का ते सांगतो, 12 वर्षं वाजवतोय. विसर्जनाला वाकडी बारवपासून निघालो की तासन् तास रस्त्यावर उभं राहायचं असतं, कमरेला ढोल, मागं गर्दीचा रेटा, तिथे एकानं ठेका सोडला की सगळी रांग विस्कटते. नवीन पोराला ओरडावंच लागतं, कधी कधी सगळ्यांसमोर ओरडावं लागतं. उद्या बाहेरचे दोन लोक बसवले की प्रत्येक ओरडणं तक्रार होणार, आणि त्यांना काय कळणार ओरडणं कुठलं आणि छळ कुठला, त्यांनी कधी ढोल बांधलाय का? दुसरं म्हणजे नुसत्या तक्रारीवर पोराला घरी बसवायचं म्हणता. विसर्जनाच्या आठ दिवस आधी कुणी जुना राग काढला तर त्या पोराचं नाव गल्लीत कायमचं खराब. आम्ही कुणी पगार घेत नाही, सगळे कामधंदे सांभाळून येतो. घरातली गोष्ट घरात मिटवायला शिका, नाहीतर पथकं चालवायला कुणी उरणार नाही.

सातपूरकर
मी एमआयडीसीत एका कंपनीत एचआरला आहे, हेच काम करतो म्हणून लिहितो. कामाच्या ठिकाणी महिलांच्या लैंगिक छळाविरुद्धचा 2013 चा कायदा फक्त ऑफिसांना आहे असा समज असतो, तसं नाही. ट्रस्ट, सोसायटी हेही त्याच्या व्याख्येत येतात आणि बिनपगारी स्वेच्छेनं काम करणारी बाईसुद्धा. 10 किंवा जास्त माणसं असतील तर अंतर्गत समिती लागते, अध्यक्ष बाई, निम्म्या तरी महिला, आणि एक सदस्य बाहेरचा. बाहेरचा का, तर मावशींनी सांगितलं तेच, मामेभाऊ. तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती आहे. तक्रार करायची मुदत 3 महिने, कारण असेल तर अजून 3 वाढवून मिळतात.

ताशाभाऊ, खोट्या तक्रारीचं म्हणाल तर त्याच कायद्यात स्पष्ट आहे की तक्रार सिद्ध झाली नाही म्हणजे ती खोटी ठरत नाही, पण मुद्दाम खोटी केली तर कारवाई आहे. तुमची भीती कायदा करणाऱ्यांनाही सुचली होती.

पण मावशी, एक अडचण आहे. हा कायदा फक्त महिलांसाठी आणि फक्त लैंगिक छळासाठी. महाराष्ट्राचा रॅगिंगविरोधी कायदा 1999 चा, तो शाळा-कॉलेजांपुरता. तुमच्या भाच्याचं प्रकरण यातल्या कशातच बसत नाही, म्हणून पथकानं स्वतःचा नियम लिहायलाच हवा, तो आयता कुठून मिळणार नाही.

सिडकोची ढोलवाली
मी दोन्ही बाजूंनी थोडी आहे. ढोल कमरेला बांधताना मागून दुसऱ्यानं पट्टा ओढून घ्यावा लागतो, हे वाजवणाऱ्यांना माहितीये. आमच्याकडे एक सिनियर होता, मुलींचे पट्टे तोच बांधायला यायचा, आणि गाठ मारायला जेवढा वेळ लागतो त्याच्यापेक्षा त्याला जास्त लागायचा. बस एवढंच. यात लिहून देणार काय? मी 20 वर्षांची होते, मला समिती नको होती, चौकशी नको होती, घरी कळलं असतं तर पथक बंद. मला फक्त तो माझ्या मागं नको होता. एका ताईला सांगितलं, तिनं त्याच संध्याकाळी मैदानात जाहीर केलं की आजपासून मुलींचे पट्टे मुलीच बांधणार. कुणाचं नाव नाही, गोंधळ नाही. तिसऱ्या मिनिटाला सगळ्या एकमेकींच्या मागं उभ्या.

म्हणून मला ताशादादाचं घरात मिटवणं थोडं पटतं. पण पुढचं पण सांगते. पुढच्या वर्षी त्याच माणसाकडे नवीन मुलींच्या बॅचला शिकवायचं काम दिलं. कारण त्याचं नाव कुठं लिहिलेलंच नव्हतं, आणि ती ताई तोपर्यंत लग्न होऊन गेलेली. तेव्हापासून मला वाटतं की मी लिहून द्यायला हवं होतं.

रविवार कारंजा ताशा
ताई, पट्ट्याचं वाचून गप्प बसलो थोडा वेळ. हे आमच्याकडे पण तसंच आहे, कोण कुणाचा पट्टा बांधतंय हे मी कधी बघितलंच नाही. उद्यापासून आमच्यात बदलतो, त्याला कुठल्या समितीची गरज नाही. आणि कुणाबद्दल काय कळलं ते वहीत राहायला पाहिजे हेही मान्य, पुढच्या माणसाला कळलं पाहिजे. पण तक्रार आली की लगेच घरी बसवा हे अजून मान्य नाही. रांग बदला, जबाबदारी काढून घ्या, शिकवायला ठेवू नका, पण वादन बंद करायचं ते चौकशी झाल्यावर.

नाशिकरोडचे सर
मी शाळेत शिकवतो. घरात मिटवा म्हणणाऱ्यांनी एक लक्षात घ्या, पथकात 18 च्या आतली पोरंपोरी भरपूर असतात. सिडकोच्या ताईसारखा प्रकार 16 वर्षांच्या मुलीबरोबर झाला तर तो पथकानं मिटवायचा विषयच राहत नाही. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा जो 2012 चा पोक्सो कायदा आहे, त्याच्या कलम 19 नुसार ज्याला कळलं त्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, लपवलं तर शिक्षा आहे. ती ताई, तो प्रमुख, सगळे त्यात येतात. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहे, तो नंबर मैदानात बोर्डावर लिहा, पोरं पाठ करतात.

आणि ओरडणं कुठलं आणि छळ कुठला हे बाहेरच्याला कळणार नाही म्हणता, ते मला पटत नाही. वर्गात आम्ही रोज बघतो. ठेका चुकला म्हणून ओरडलात तर पोरगं ठेका सुधारतं. अडखळण्यावरून चिडवलंत तर त्यानं सुधारायचं काय? यासाठी ढोल बांधावा लागत नाही. उलट दोरी सैल करून मग त्यालाच बोलणी, हे तर पथकाच्या वादनाचं पण नुकसान आहे, तुम्हालाच राग यायला हवा होता.

रविवार कारंजा ताशा
राग आलाय सर, म्हणूनच लिहितोय. मावशी, नियम, वही, बाहेरची माणसं हे तुम्ही बैठकीत मांडा, पण त्याआधी भाच्याला विचारलंत का त्याला काय पाहिजे? आपण सगळे त्याच्या वतीनं भांडतोय आणि पोरगं घरी बसलंय.

पंचवटीची मावशी
विचारलं, काल रात्री. मला वाटलं तो म्हणेल त्या दोघांना काढा. तसं म्हणाला नाही. म्हणाला, मला माफी नको, ती व्हॉइस नोट सगळ्यांच्या फोनमधून गेली पाहिजे, आणि दुसऱ्या रांगेत उभं करा जिथं ते दोघं नसतात, मी येतो. मग बराच वेळ अडखळून विचारलं, अजून जागा असेल का.

रविवारी बैठक आहे, जाते आहे. सातपूरकर, नियमाचा मसुदा अर्ध्या पानात बसेल असा लिहून द्याल का, मोठा असला तर कुणी वाचणार नाही. पट्ट्याचं पण त्यात घालते. आणि ताशाभाऊ, घरी बसवायचं वाक्य मी सध्या काढते, रांग बदलायची आणि शिकवायचं काम काढून घ्यायचं एवढं ठेवते. बाहेरची दोन माणसं मात्र राहणार, ते मी सोडणार नाही.

रविवार कारंजा ताशा
बाहेरच्या माणसांवरून आपलं जुळणार नाही बहुतेक. पण पथकात जागा नसेल म्हणाले तर भाच्याला आमच्याकडे पाठवा, ढोल आहे एक मोकळा.

पंचवटीची मावशी
त्याला सांगते. पण आधी तिथलंच विचारणार.