ड्रम की डिस्क : १२५ सीसी स्कूटरच्या दोन व्हेरिएंटविषयी

आपण १२५ सीसी स्कूटरचा ड्रम ब्रेकचा व्हेरिएंट घ्यावा की डिस्कचा, असे विचारले आहे आणि नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीला रोज ये-जा असल्याचेही लिहिले आहे, म्हणून मी निःसंकोचपणे डिस्क सुचवतो. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या दुचाकींना कॉम्बी ब्रेक किंवा एबीएस (जोरात ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी प्रणाली) सक्तीचे असल्याने, डावा लिव्हर दाबताच दोन्ही चाकांना ब्रेक लागण्याची कॉम्बी ब्रेकची सोय ड्रमच्या स्कूटरमध्येही मिळते. खरा फरक पुढच्या चाकाचा आहे : ड्रम ब्रेक बंद डब्यात असतो, तर डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी, पॅडने दाबली जाणारी धातूची चकती; ती उघडी असल्यामुळे लवकर थंड होते, भिजली तरी पॅड घासताच पाणी निघून जाते आणि लिव्हर जितका दाबावा तितका ब्रेक हाताला नेमका जाणवतो. गेल्या पावसाळ्यात वर्धा रोडवर पुढचा ऑटो अचानक थांबला, तेव्हा माझी ड्रमची स्कूटर त्याच्या नंबर प्लेटपासून जेमतेम वीतभर अंतरावर थांबली. तेव्हापासून माझे मत पक्के झाले आहे. ब्लूटूथ आणि रंगीत डिस्प्लेसाठी मात्र जास्तीचे पैसे मोजू नयेत. डिस्कच्या ब्रेक ऑइलची पातळी सर्व्हिसिंगच्या वेळी आवर्जून तपासून घ्यावी, आणि शोरूममध्ये दोन्ही व्हेरिएंटची ऑन-रोड किंमत लेखी मागावी, कारण एक्स-शोरूम किमतीत विमा व नोंदणीचा खर्च धरलेला नसतो.