मारुती ईको (५ सीटर): दोघांना झोपता येईल अशी सोय करायची आहे. पलंग, वीज, उकाडा, आरटीओ

गिरिवाट (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी मारुती ईको, ५ सीटर, पेट्रोल, पांढऱ्या पाटीची. आम्ही दोघंच. कोकण, घाटमाथा आणि हिवाळ्यात विदर्भ असं फिरताना रात्री गाडीतच नीट झोपता यावं, एवढी अपेक्षा. माझी उंची ५ फूट ८ इंच, बायकोची ५ फूट ३. एरवी गाडी घरच्यांसाठीही लागते, त्यामुळे कायमचं काही ठोकायचं नाही. खर्च लाखाच्या आत.

पलंग किती उंच करावा आणि कशाचा? बॅटरी किती मोठी लागेल, फ्रिज झेपेल का? कोकणातल्या उकाड्याचं काय? एक फॅब्रिकेटर म्हणतोय की मागची सीट कायमची काढू, छत कापून पंखा बसवू आणि चॅनेल वेल्ड करून पलंग पक्का करू. करावं का?

रंधा_पटाशी

वेल्डिंग नको आणि छत तर मुळीच कापू नका. पत्रा कापला की कडेचा रंग जातो, पॅनेल हादरतं, सीलंट तडकतं आणि पहिल्या पावसाळ्यातच गंज धरतो. कायद्याचं जाणकार सांगतीलच.

पलंगाची उंची अंदाजाने ठरवू नका. गाडीच्या जमिनीपासून छतापर्यंतची उंची टेपने मोजा. मग तुम्ही घरी जमिनीवर ताठ मांडी घालून बसा आणि बैठकीपासून डोक्यापर्यंत मोजा. तुमच्या उंचीला ते ३५-३६ इंच भरेल. त्यात २ इंच सुटी धरा. छताच्या उंचीतून हे वजा केल्यावर जे उरेल, तेवढ्यात फळी आणि गादी दोन्ही बसवायच्या. ईकोत हा आकडा फार लहान येतो. म्हणजे पलंगाखाली मोठमोठे खण आणि वर ताठ बसायला जागा, हे दोन्ही एकदम मिळत नाही. खाली सामान जास्त हवं की वर बसता यायला हवं, ते दोघांनी मिळून आधी ठरवा, कारण पलंगाचे पाय त्यानुसार कापायचे आहेत.

मागची सीट ठेवली तर पलंग सीटच्या वर जातो आणि मग फक्त आडवं पडता येतं. काढली तर बसता येतं. सीट ठेवणार असाल तर तिची पाठ पुढे पडते का आणि पडल्यावर जमिनीपासून किती उंच राहते, ते आधी बघा.

फळ्या १२ मिमी बीडब्ल्यूपी (उकळत्या पाण्यातही थर न सुटणाऱ्या) प्लायच्या घ्या, आयएस ७१० या मानकाचा शिक्का असलेल्या. १८ मिमी घेऊ नका. ८ बाय ४ चं १२ मिमीचं पान २१-२३ किलो भरतं, १८ मिमीचं ३२-३५ किलो. १२ मिमी वाकू नये म्हणून खाली दर १४-१५ इंचांवर आडवा आधार द्यायचा. साधी एमआर (फक्त दमटपणा सोसणारी) प्लाय ओलाव्यात कडेने फुगते, कोकणासाठी तिचा विचार करू नका. चारही कडांना आणि प्रत्येक भोकाच्या आतून पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचे दोन हात मारा. पाणी शिरतं ते कडेतूनच, मधून नाही.

सांगाडा ४० बाय ४० च्या अ‍ॅल्युमिनियम प्रोफाइलचा करा. लोखंडी चौकोनी पाइप स्वस्त पडतो, पण जड असतो आणि एकदा वेल्ड केला की उंची बदलता येत नाही. प्रोफाइलला टी-नट (त्याच्या खाचेत बसणारे नट), बोल्टखाली स्प्रिंग वॉशर आणि मध्यम ताकदीचं थ्रेडलॉकर (आट्यांना लावायचा गोंद) वापरा. नाहीतर घाटातल्या हादऱ्यांनी नट ढिले होतात आणि रात्रभर कुरकुर ऐकावी लागते. पायांखाली रबरी बूट घाला.

पलंग तीन तुकड्यांत करा, रुंदी साधारण ४ फूट. लांबी अंगापेक्षा २-३ इंच जास्तच हवी. पुढच्या सीट जेवढ्या पुढे सरकतात तेवढ्या सरकवल्यावर जी जागा मोकळी होते, तिच्यावर बिजागरीची एक फळी उलगडून टाकायची. या गाडीचं इंजिन पुढच्या सीटखाली आहे, म्हणजे तेल बघायचं असो की प्लग बदलायचे असोत, सीट उचलावीच लागते. पुढच्या सीटला टेकून काही बांधू नका. आणि जॅक, पाना, स्टेपनी हे पलंग न उलगडता हाताशी आलं पाहिजे.

फळीला दर ६ इंचांवर २५ मिमीची भोकं पाडा. गादीखाली हवा खेळली नाही तर अंगाची वाफ खालच्या फळीवर थिजते आणि गादीच्या पोटाला काळी बुरशी येते. गादी ४ इंचांची एचआर (लवचीक, पुन्हा फुलणारा) फोम, ४० डेन्सिटीची, तीन घड्यांची घ्या. ३२ डेन्सिटीची लवकर बसते, मग कंबर थेट प्लायला लागते.

कलमकसाई

कायद्याचं बघू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२: उत्पादकाने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल गाडीत करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही हेच स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ(४) नुसार असा बदल करणाऱ्या मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. छत कापणं, बॉडीला वेल्डिंग आणि कायमची सीट काढून आसनसंख्या घटवणं हे सगळं यात येतं. तुमच्या फॅब्रिकेटरने सुचवलेली तिन्ही कामं याच यादीतली आहेत.

शिक्क्याची मोटार कॅराव्हॅन (आत राहायची-झोपायची सोय असलेली गाडी) हवी असेल तर एआयएस १२४ हे वाहन उद्योगाचं मानक आहे. त्यानुसार प्रमाणित झालेली गाडी कॅराव्हॅन म्हणून नोंदता येते. हे काम तयार करून विकणाऱ्यांचं आहे, एका घरच्या गाडीसाठी परवडत नाही. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तेही अशाच नोंदणीकृत गाड्यांसाठी.

म्हणून सरळ मार्ग हा: जे आत ठेवाल ते सामान असावं, गाडीचा भाग नव्हे. हाताने उचलून बाहेर काढता आलं पाहिजे. सहलीपुरती सीट काढून घरी ठेवणारे पुष्कळ आहेत, पण कागदावर पाच आणि गाडीत दोन हीसुद्धा विसंगतीच. सीट ठेवून जमत असेल तर तसंच करा, हे माझं स्पष्ट मत.

विमा कंपनीला जादा बॅटरीबद्दल लेखी कळवा. आग लागल्यावर सर्व्हेअर सगळ्यात आधी वायरिंगच बघतो. आणि कमी किमतीत मिळते म्हणून कार्गो ईको घेण्याचा विचार कोणी करत असेल तर थांबा, ती मालवाहू म्हणून नोंदलेली असते.

तांब्याची_तार

विजेचा हिशेब फ्रिजशिवाय आणि फ्रिजसह असा वेगवेगळा मांडतो. अंगावरचा १० वॉटचा पंखा आणि हवा बाहेर फेकणारा ५ वॉटचा, दोन्ही ९ तास: १३५ वॉट-तास. दिवे ६ वॉट, ४ तास: २४. दोन मोबाइल ३०, लॅपटॉप ६०. म्हणजे दिवसाला २५० च्या आसपास.

१२.८ व्होल्ट, ५० अँपिअर-तासाच्या लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरीत ६४० वॉट-तास असतात, त्यातले ५५०-५७५ वापरावेत. फ्रिज नसेल तर दोन रात्री आरामात निघतात. ४० लिटरचा कॉम्प्रेसर फ्रिज आपल्याकडच्या उन्हात दिवसाला आणखी ४०० च्या पुढेमागे खातो. मग १०० अँपिअर-तासाची बॅटरी आणि चालत्या गाडीवर चार्जिंग, दोन्ही लागतं. दोन-तीन दिवसांच्या फेऱ्यांसाठी फ्रिज घेऊ नका. चांगल्या आइसबॉक्समध्ये बर्फाच्या लाद्या घातल्या की दीड-दोन दिवस भागतं आणि बर्फ मासळी बाजारात कुठेही मिळतो.

घरच्या इन्व्हर्टरची ट्यूब्युलर बॅटरी गाडीत झोपायच्या जागी ठेवायची नाही. ती पन्नास किलोच्या वर जाते, आत सांडणारं आम्ल असतं आणि चार्ज होताना हायड्रोजन सोडते. लिथियमला बीएमएस (बॅटरी सांभाळणारं सर्किट) आतच असतो, तरी ती काचेजवळ उन्हात ठेवू नका आणि इंजिनच्या बाजूलाही नको. मागे, जमिनीवर, पट्ट्याने आवळून.

चार्जिंगसाठी २० अँपिअरचा डीसी-डीसी चार्जर (गाडीच्या बॅटरीवरून दुसरी बॅटरी ठरावीक करंटने भरणारा) घ्या. साधा रिले (विजेवर चालणारा स्विच) लावून दोन बॅटऱ्या जोडायचा सल्ला गॅरेजवाले देतात, तो लिथियमला चालत नाही. रिकामी लिथियम मिळेल तेवढा करंट ओढते आणि अल्टरनेटर (इंजिनवर चालणारा वीज जनित्र) तापून जळू शकतो. २० अँपिअरने दोन तास गाडी चालली की साधारण ५०० वॉट-तास परत येतात.

वायरची जाडी ही चूक सगळ्यात जास्त दिसते. मूळ बॅटरीपासून मागे ४ मीटर धरा, म्हणजे जाऊन-येऊन ८ मीटर तांबं. २.५ चौरस मिमी वायरीत २० अँपिअरला सुमारे १.१ व्होल्ट पडतात. चार्जरला कमी व्होल्टेज दिसतं, तो बंद-चालू होत राहतो आणि लोक चार्जरलाच दोष देतात. १० चौरस मिमीत तोच फरक ०.२८ व्होल्ट. म्हणून १० चीच घ्या. दोन्ही बॅटऱ्यांच्या धन टोकापासून वीतभर अंतरात ३० अँपिअरचा फ्यूज, कारण ही वायर दोन्ही बाजूंनी जिवंत असते. पत्र्यातून जाताना रबरी ग्रोमेट (भोकातली कडी), बाहेरून कॉरुगेटेड (वळ्यांची) नळी. लग (वायरीच्या टोकाची कडी) हातोडीने ठोकू नका, क्रिंपिंग टूलने दाबा.

सोलर हवाच असेल तर छतावर न लावता घडीचं १०० वॉटचं पॅनेल घ्या. गाडी सावलीत उभी करून पॅनेल उन्हात मांडता येतं. हिवाळ्यातल्या स्वच्छ दिवशी ३५० वॉट-तासांच्या आसपास मिळतात. पावसाळ्यात त्याच्यावर विसंबू नका.

खिडकी_उघडी

उकाड्याबद्दल आधी एक ठाम गोष्ट: इंजिन आणि एसी चालू ठेवून झोपायचं नाही, कधीच नाही. धुरातला कार्बन मोनॉक्साइड बंद गाडीत शिरतो, त्याला वास नसतो आणि झोपेतच माणूस जातो. बॅटरीवरच्या छोट्या एसीची जाहिरात बघून मोहात पडू नका. तो ४००-५०० वॉट घेतो, १०० ची बॅटरी अडीच तासांत संपेल.

मे महिन्यात किनाऱ्यावर इन्शुलेशनने रात्र थंड होत नाही, तिथे वाराच लागतो. एका बाजूच्या काचेतून हवा आत आणि दुसऱ्या बाजूच्या वरच्या कोपऱ्यातून पंख्याने बाहेर. त्यासाठी काचेच्या फटीच्या मापाची प्लायची किंवा अ‍ॅक्रिलिकची पट्टी कापा, तिच्यात १२० मिमीचे दोन कॉम्प्युटर पंखे बाहेर तोंड करून बसवा, मागून डासांची जाळी. पट्टी काचेच्या खाचेत अडकते, सकाळी काढून ठेवायची. वर रेन व्हायझर (काचेवरची पावसाची पट्टी) असला की पावसातही फट उघडी ठेवता येते. थंडीतसुद्धा दोन बोटं फट ठेवाच. दोघांच्या श्वासातून रात्रभरात अर्ध्या लिटरच्या आसपास पाणी निघतं, आणि सगळं बंद असलं की काचांना घाम फुटून ते गादीवर ओघळतं.

इन्शुलेशन दिवसाच्या उन्हासाठी करा, तेही छताला. हेडलायनर (छताचं आतलं अस्तर) उतरवून पत्र्याला १० मिमी नायट्रिल रबर शीट, क्लोज्ड सेल (पाणी न शोषणारी). थर्माकोल हादऱ्यांनी चुरतो, ग्लासवूल पाणी धरून ठेवतं. स्प्रे फोम दारात भरला तर पाणी निघायची खालची भोकं बुजतात आणि दार आतून कुजतं. गोंद उष्णता सोसणारा घ्या. साधा फेविकॉल तापलेल्या पत्र्याला टिकत नाही, शीट खाली लोंबायला लागते. काचांना काळी फिल्म नको. चांदीच्या बबलशीटचे तुकडे आधी वर्तमानपत्रावर माप काढून कापा आणि मापापेक्षा अर्धा सेंटिमीटर मोठे ठेवा, म्हणजे कडेला घट्ट रुततात.

स्वयंपाक आत करायचा नाही. ईकोचं मागचं दार वर उघडतं, त्याखाली आयतंच छप्पर मिळतं. तिथेच शेगडी मांडा. एलपीजी आणि ब्यूटेन दोन्ही हवेपेक्षा जड, गळती झाली तर गॅस पलंगाखाली साचून राहतो. गॅसचं काडतूस रात्री शेगडीतून काढून ठेवायचं. २० लिटरचा जार आणि त्यावर यूएसबीवर चालणारा पंप एवढं पाणी दोघांना दीड दिवस पुरतं, अंघोळ सोडून.

गिरिवाट

सगळ्यांचे मनापासून आभार. फॅब्रिकेटरला नाही म्हणून सांगितलं. सीट ठेवूनच करायचं आणि फ्रिज नाही, हे नक्की. दोन शंका: सीट ठेवली तर दिवसा बसायचं कुठे? पाऊस असेल तर दारामागे बाहेर बसता येणार नाही. आणि पलंगाचं वजन सीटच्या फोमवर आलं तर?

रंधा_पटाशी

सीट ठेवली तर दिवसाचा प्रश्नच मिटतो. पाठ उभी करा आणि सीटवरच बसा. तिन्ही फळ्या गादीसकट सीटमागे उभ्या लावायच्या आणि दोन पट्ट्यांनी आवळायच्या. नुसत्या टेकवून ठेवल्या तर कचकन ब्रेक दाबल्यावर डोक्यावर येतील. रात्री पाठ पाडली की मागचा तुकडा डिकीत त्याच्या पायांवर, मधला सीटवर, पुढचा तुकडा पाय ठेवायच्या जागेवर. दिवसा त्या पायांच्या खोबणीत काही ठेवू नका, रात्री मात्र बॅगा तिथेच जातील.

फोमवर भार अजिबात द्यायचा नाही. मधल्या फळीच्या दोन्ही बाजूंना सांगाड्याचे पाय थेट गाडीच्या जमिनीवर उतरवा आणि फळीची खालची बाजू सीटच्या वर अर्धा इंच अधांतरी राहील अशी उंची धरा. दोघं झोपल्यावर फळी थोडी दबते, तेव्हाही सीटला टेकू नये. पायांना एम८ चे लेव्हलिंग स्क्रू लावा, जमीन सपाट नसते. पुढच्या तुकड्याचे पाय घडीचे करा, आणि ते उघडल्यावर अडकणारी कडी हवीच, नाहीतर कूस बदलताना पाय मिटेल.

प्लाय कापायच्या आधी पुठ्ठ्याचे तिन्ही तुकडे कापून गाडीत मांडून बघा. चाकांच्या कमानी दोन्ही बाजूंना सारख्या पुढे येतात असं गृहीत धरू नका, डावी-उजवी वेगळी मोजा. आणि आतून सरकतं दार उघडतं ना, चाइल्ड लॉक सुटलेलं आहे ना, हे पलंग मांडलेला असताना तपासा. रात्री बाहेर पडायला एक बाजू पूर्ण मोकळी हवी.

तांब्याची_तार

मागच्या तुकड्याखालीच बॅटरी येणार, तर तिथली फळी स्क्रू न मारता नुसती खाचेत बसवा. फ्यूज बदलायला रात्री गादी उचलावी लागू नये. फ्यूजबॉक्स सरकत्या दाराच्या बाजूला, बाहेर उभं राहून हात पोचेल असा ठेवा.